नवं सिलिकेट खनिज सापडलंय असं वाटतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात खडकशास्त्र शिकवताना सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "सर, हे काहीतरी वेगळंच आहे." पावसाळा सरला की ट्रेकर मंडळी येतात, खडीच्या खाणींत फिरणारे हौशी संग्राहक येतात, आणि अलीकडे एमएस्सीची मुलं तमिळनाडू-राजस्थानातल्या अल्कली खडकांचे तुकडे घेऊन येतात. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर कोणीतरी पाटी लावली होती: "सोने आहे का, हिरा आहे का, उल्का आहे का, हे येथे सांगितले जात नाही. दगड खाली ठेवून बोलावे." पाटी आता निघाली, प्रश्न तेच राहिले. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

माझा दगड नवं खनिज असू शकतो का?

दगड नाही. दगडातला एखादा कण असू शकतो. दगड म्हणजे चिवडा आणि खनिज म्हणजे त्यातला पोहा, दाणा, डाळं, खोबऱ्याचा काप. दगड केवढा मोठा, किती जड, किती चमकतो याने काही ठरत नाही. आजकाल जाहीर होणाऱ्या नव्या खनिजांचे कण बहुतेकदा खसखशीएवढे किंवा त्याहूनही लहान असतात आणि ते दुसऱ्या एखाद्या खनिजाच्या कुशीत दडलेले असतात. हातात घेऊन मिरवता येईल असं नवं खनिज सापडणं आता फार दुर्मीळ झालं आहे.

पण खनिज नेमकं कशाला म्हणायचं?

निसर्गात, भूवैज्ञानिक प्रक्रियेतून तयार झालेला, ठरावीक रासायनिक घटना आणि अणूंची ठरावीक मांडणी असलेला घन पदार्थ. प्रयोगशाळेच्या भट्टीत केलेला पदार्थ कितीही सुंदर असला तरी खनिज नाही. काचही नाही, कारण तिच्यात अणू शिस्तीत बसलेले नसतात.

या "निसर्गात" शब्दापायी एक गंमत झाली. पृथ्वीच्या पोटात सर्वाधिक प्रमाणात असलेलं खनिज, मॅग्नेशियम-लोहाचं एक दाट सिलिकेट (म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यावर उभं खनिज), प्रयोगशाळेत कितीतरी वर्षं माहीत होतं. मात्र नैसर्गिक नमुना कोणाच्या हाती आलेला नव्हता, म्हणून त्याला खनिज म्हणून नावच नव्हतं. १८७९ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये पडलेल्या टेनहॅम उल्केत त्याचे कण सापडले आणि २०१४ साली ते ब्रिजमनाइट झालं. एक-तृतीयांशाहून अधिक पृथ्वी व्यापणाऱ्या गृहस्थांचं बारसं इतक्या उशिरा!

अल्कली खडक म्हणजे काय? खारट खडक?

नाही, जिभेला काही लागत नाही. सोडियम आणि पोटॅशियम यांचं प्रमाण सिलिका आणि ॲल्युमिनियमच्या मानाने जास्त झालेला खडक म्हणजे अल्कली खडक. आपल्या दक्खनच्या बेसाल्टमध्ये सोडियम ऑक्साइड साधारण २ ते ३ टक्के असतं. नेफेलिन सायनाइटसारख्या, म्हणजे फेल्स्पार आणि नेफेलिन या खनिजांच्या, क्वार्ट्झ नसलेल्या खडकात सोडियम-पोटॅशियमची ऑक्साइडं मिळून १४-१५ टक्क्यांपर्यंत जातात.

खरी मेख ॲल्युमिनियमपाशी आहे. अल्बाइट या फेल्स्पारमध्ये एका सोडियमला एक ॲल्युमिनियम लागतो, नेफेलिनमध्येही तसंच. सत्यनारायणाच्या पूजेला जोडप्यानेच बसावं लागतं, तसा हा हिशेब. शिलारसात सोडियम आणि पोटॅशियमचे अणू मिळून ॲल्युमिनियमच्या अणूंपेक्षा जास्त झाले की काही सोडियम बिनजोडीचा उरतो. अशा खडकाला पेरअल्कलाइन म्हणतात. उरलेला सोडियम मग लोहाबरोबर बसतो आणि एजिरीन होतं. झिर्कोनियम, टायटॅनियम, नायोबियम यांच्याबरोबर बसला की मात्र अशी खनिजं होतात ज्यांची नावं शिकवताना माझीही जीभ अडखळते.

याच खडकांत इतकी नवी सिलिकेटं का सापडतात?

माझ्या मते संपूर्ण विषयातला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि तो फार कमी जण विचारतात.

साध्या ग्रॅनाइटमध्ये झिर्कोनियम लवकरच सिलिकाशी जोडी जमवून झिर्कॉन होतो आणि मोकळा होतो. गोष्ट संपली. सोडियमने भरलेल्या शिलारसात झिर्कोनियम विरघळलेलाच राहतो. बाकीची खनिजं एकेक करून गोठतात, रस कमी होत जातो, आणि कुठेच सामावून न घेतलेली मूलद्रव्यं उरलेल्या रसात साचतात: झिर्कोनियम, नायोबियम, टायटॅनियम, विरल मृदा मूलद्रव्यं, लिथियम, बेरिलियम, जोडीला फ्लोरिन, क्लोरीन आणि पाणी. या शेवटच्या घटकांमुळे रस बऱ्याच कमी तापमानापर्यंत पातळ राहतो. लग्नाच्या शेवटच्या पंगतीला उरलेसुरले पदार्थ एकाच ताटात येतात, तसं इथे एरवी एकमेकांना कधीच न भेटणारी मूलद्रव्यं एकाच स्फटिकात बसतात.

आणि इथे थांबत नाही. खडक गोठल्यावरही गरम पाणी फिरत राहतं, स्फटिकातला सोडियम धुऊन नेतं आणि मागे सांगाडा उरतो. लोमोनोसोव्हाइट नावाच्या टायटॅनियमच्या सिलिकेटमधून सोडियम आणि फॉस्फेट निघून गेलं की मुर्मानाइट उरतं. एका खनिजाची दोन झाली.

म्हणून काही मोजकी ठिकाणं या शास्त्रात तीर्थक्षेत्रांसारखी आहेत: रशियाच्या कोला द्वीपकल्पातले खिबिनी आणि लोव्होझेरो, कॅनडात क्वेबेकमधलं माँ सेंतिलेर, ग्रीनलँडचं इलिमाउसाक, नॉर्वेचा लांगेसुन फियोर्ड. एकट्या माँ सेंतिलेरच्या खाणीतून चारशेहून जास्त खनिजांची नोंद आहे. आपल्याकडे एका टेकडीवर वीस खनिजं मिळाली तर आम्ही सहल काढतो.

पुण्याच्या आसपास असे खडक आहेत का?

नाहीत. सिंहगड, पर्वती, वेताळ टेकडी, सगळा थोलेइटिक, म्हणजे सोडियम-पोटॅशियम कमी असलेला बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. काळा कातळ, त्यात पोकळ्या, पोकळ्यांत झिओलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारी सिलिकेटं. वेताळ टेकडीवर यूडियालाइट (अल्कली खडकांतलं सोडियम-झिर्कोनियमचं सिलिकेट) सापडल्याचा फोन मला दोनदा आला आहे. दोन्ही वेळा बाटलीची काच निघाली.

दक्खन ज्वालामुखीच्या परिवारातच अल्कली मंडळी आहेत, पण कडेकडेला. मुरूड-जंजिऱ्याजवळ किनाऱ्यावर लॅम्प्रोफायर या गडद अल्कली खडकाच्या भित्ती, म्हणजे भेगांत घुसून गोठलेल्या उभ्या भिंती, दिसतात. गुजरातेत आंबा डोंगर कार्बोनेटाइटसाठी (कार्बोनेट खनिजांचा अग्निज खडक) आणि फ्लोराइटसाठी ओळखला जातो. राजस्थानात मुंडवाडा आणि सारनू-दंडाली आहेत. याहून कितीतरी जुने म्हणजे तमिळनाडूतलं शिवमलै, राजस्थानातलं किशनगढ, ओडिशातलं कोरापूट, आंध्रातलं एल्चुरू. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात सुशिना टेकडीच्या नेफेलिन सायनाइट नाइसमध्ये (नाइस म्हणजे दाब-उष्णतेने पट्टेदार झालेला खडक) तर यूडियालाइटही मिळतं. एमएस्सीच्या मुलांनी प्रबंधासाठी खडक निवडताना आधी हा नकाशा बघावा. घराजवळचा खडक सोयीचा असतो, पण तो दर वेळी आपल्या प्रश्नाचा असतोच असं नाही.

मग वाघोलीचं कॅव्हनसाइट? ते तर नवं होतं ना?

इथे नाही. कॅव्हनसाइटचं पहिलं वर्णन १९७३ साली अमेरिकेतल्या ओरेगनच्या नमुन्यांवरून झालं. नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं. वाघोलीच्या खाणीतून नंतर जे निघालं त्याने जगभरच्या संग्रहालयांचे डोळे दिपले. पांढऱ्या स्टिल्बाइटवर मोरपिशी निळे गोंडे, मधमाशीएवढे. व्हॅनेडियममुळे तो रंग येतो. सर्वांत देखणं कॅव्हनसाइट कुठलं असं कोणी विचारलं तर उत्तर वाघोली. मूळ ठिकाण कुठलं असं विचारलं तर ओरेगन. खनिजशास्त्रात "मूळ ठिकाण" म्हणजे जिथल्या नमुन्यावरून पहिलं वर्णन झालं ते, मग पुढे दुसरीकडे त्याच्या राशी का सापडेनात.

याच कॅव्हनसाइटचा एक भाऊ आहे, पेंटागोनाइट. रासायनिक घटना अगदी तीच. कॅल्शियमही तेवढंच, व्हॅनेडियमही, सिलिका आणि पाणीही. फक्त सिलिकाचे थर वेगळ्या तऱ्हेने गुंफलेले. तेवढ्यावर दोन स्वतंत्र खनिजं. "रासायनिक पृथक्करण केलंय, आता नवं म्हणून पाठवू का" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवतो.

पुण्याच्या नावाचं खनिजही एकदा झालं होतं. एकोणिसाव्या शतकात इथल्या सुईसारख्या झिओलाइटला पूनाहलाइट असं नाव मिळालं. पुढे तपासणीत ते आधीच माहीत असलेल्या झिओलाइटांपैकीच निघालं आणि नाव मोडीत गेलं. पुणेकरांना हे सांगितलं की चेहरे उतरतात.

सगळ्या सिलिकेटांत सिलिकॉन आणि ऑक्सिजनच, मग हजारभर प्रकार कसे?

एक सिलिकॉन, भोवती चार ऑक्सिजन, असा चार टोकांचा पिरॅमिड ही मूळ वीट. शेजारच्या दोन विटा एका टोकाचा ऑक्सिजन वाटून घेऊ शकतात. एकही टोक वाटलं नाही तर सुट्या विटा, दोन टोकं वाटली तर साखळ्या किंवा वलयं, तीन वाटली तर थर, चारही वाटली तर क्वार्ट्झ, फेल्स्पार किंवा झिओलाइटसारखी जाळी. यूडियालाइटमध्ये तीन विटांची वलयंही आहेत आणि नऊ विटांचीही, आणि मधल्या पोकळ्यांत सोडियम, कॅल्शियम, लोह, झिर्कोनियम, क्लोरीन. इतक्या जागा, प्रत्येक जागेवर बसायला इतके उमेदवार. १८१९ साली श्ट्रोमायरने ग्रीनलँडच्या नमुन्यावरून याचं वर्णन केलं तेव्हा ते एकच खनिज होतं. आज तो तीसेक जणांचा गट आहे.

फील्डवर नमुना घेताना काय सांभाळायचं?

मातृखडक सोडू नका. सुटा चमकदार स्फटिक उचलून बाकीचा दगड तिथेच टाकून येणारे मला फार भेटतात. तो स्फटिक कोणाच्या शेजारी बसला होता यातच निम्मं उत्तर असतं.

आणि धुऊ नका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका सहकाऱ्याने कोलाहून आणलेल्या खडकात मद्यासारखे लाल, पारदर्शक ठिपके होते. मी नेहमीप्रमाणे पाण्याची धार सोडून तुकडा कापला, घासून ३० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ केला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. लाल ठिपक्यांच्या जागी नीट चौकोनी भोकं. ते व्हिलिओमाइट होतं, म्हणजे सोडियम फ्लोराइड. ते पाण्यात विरघळतं आणि विषारीही असतं, म्हणजे मोरीतून वाहून गेलं तेही बरं नव्हेच. सोडियमने गच्च भरलेल्या खडकांत अशी मिठं असतात. त्यांचे छेद रॉकेलमध्ये किंवा तेलात कापतात. दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा मी रॉकेलमध्ये कापला. प्रयोगशाळेला आठवडाभर जुन्या स्टोव्हचा वास येत होता.

पहिली चाचणी कोणती?

मायक्रोस्कोप. साधा, ध्रुवित प्रकाशाचा. हल्ली मुलं थेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपकडे धावतात, पण रंग, फिरवल्यावर बदलणारा रंग, पाटन (खनिज ज्या सपाट पातळ्यांवर फुटतं त्या), अपवर्तन हे सगळं पंधरा मिनिटांत आणि फुकट कळतं. त्यातच नव्वद टक्के संशयित गळतात.

त्यानंतर पावडरचं क्ष-किरण विवर्तन आणि रामन वर्णपट, म्हणजे लेझरचा प्रकाश पाडून विखुरलेल्या प्रकाशावरून ओळख. विवर्तनात खनिजाच्या अणुथरांमधली अंतरं ठरावीक कोनांवर शिखरं उमटवतात. ती माहितीसाठ्याशी ताडून बघायची. नव्या खनिजाची पहिली खूण इथे दिसते: शिखरं स्वच्छ, टोकदार, आणि यादीतल्या कोणाशीच जुळत नाहीत. पण सावध राहा. दोन खनिजांचं मिश्रण असलं तरी हेच होतं. अशी "नवी खनिजं" मी बरीच मोडीत काढली आहेत, त्यांतलं एक माझं स्वतःचं.

मायक्रोप्रोबमध्ये दर वेळी वेगळा आकडा येतो. मशीन बिघडलंय का?

मशीन ठीक असतं. सोडियम पळतो.

मायक्रोप्रोबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत मायक्रॉनभर जागेवर टेकवतात आणि त्या जागेतून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून कोणतं मूलद्रव्य किती ते मोजतात. साध्या गार्नेटवर हे तासन्‌तास चालतं. पाणी धरून ठेवलेल्या सोडियमच्या सिलिकेटवर मात्र झोत पडताच सोडियमचे अणू तापलेल्या, भारित जागेपासून सरकायला लागतात. एकदा एका विद्यार्थिनीला मी शेजारी बसवून पडदा दाखवला. सोडियमची मोजणी दर पाच सेकंदांनी थोडी थोडी खाली येत होती आणि त्याच वेळी सिलिकॉनची वर चढत होती. ती म्हणाली, "सर, हे तर डोळ्यांदेखत गळतंय." मग झोत बाहेर काढून बघितलं तर कणावर बारीकसा काळा डाग.

उपाय साधा आहे पण वेळ खातो. झोत पसरट करा, दहा-वीस मायक्रॉनपर्यंत. विद्युतप्रवाह कमी ठेवा. सोडियम सगळ्यात आधी मोजा. दर वेळी ताज्या जागेवर जा. आणि शक्य असेल तर वेळेनुसार मोजणी कशी उतरते याचा आलेख काढून शून्य सेकंदाला ती किती असती ते मागे ओढून काढा. सोडियम कमी मोजला की सूत्र चुकतं, सूत्र चुकलं की धन-ऋण विद्युतभार जुळत नाही, आणि मग लोक तो जुळवायला पदरचं पाणी घालतात.

बेरीज १०० येत नाही, ९३ येते. काय चुकलं?

कदाचित काहीच नाही. मायक्रोप्रोबला हायड्रोजन आणि लिथियम दिसत नाहीत, बेरिलियम-बोरॉन कष्टाने दिसतात. अल्कली खडकांत नेमकी हीच मंडळी हजर असतात. उरलेले सात टक्के म्हणजे पाणी असं परस्पर लिहून टाकणं हा सर्वांत मोठा गुन्हा. अवरक्त वर्णपटात पाण्याच्या रेणूची खूण १६३० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसायला हवी, हायड्रॉक्सिलची ३५०० च्या आसपास. लिथियमसाठी लेझरने कण उडवून मोजावं लागतं. लोह दोनभारी की तीनभारी हे मॉसबाउअर वर्णपटाने (गॅमा किरणांच्या शोषणावरून) ठरतं, त्याशिवाय भाराचा हिशेब अंदाजपंचे.

आणि बेरीज १०० च्या वर गेली तर? फ्लोरिन बघा. पृथक्करणात सगळं ऑक्साइड म्हणून मोजलेलं असतं, पण फ्लोरिनने ऑक्सिजनची जागा घेतलेली असते. फ्लोरिनच्या टक्केवारीला ०.४२१ ने गुणून तेवढं वजा करायचं. क्लोरीनसाठी ०.२२६. दर वर्षी कोणीतरी हे विसरतं.

रचना सोडवणं खरंच आवश्यक आहे का? खर्चिक आहे.

आवश्यक. कॅव्हनसाइट-पेंटागोनाइटची गोष्ट वर सांगितलीच. एक छोटासा अखंड स्फटिक क्ष-किरणांत फिरवून अणूंच्या जागा ठरवायच्या. वीस-तीस मायक्रॉनचा तुकडाही चालतो, पण तो एकसंध हवा, आत एकमेकांत गुंतून वाढलेले जुळे स्फटिक नकोत. मुलं "खर्चिक" म्हणतात ते मशीनच्या भाड्यामुळे. माझ्या अनुभवात महाग पडतो तो वेळ: चांगला कण शोधण्यात महिना जातो, मोजणीला एक रात्र.

स्फटिकच मिळेना तर काय होतं त्याचं उदाहरण लक्ष्मी रोडवर टांगलेलं असतं. तो जांभळा, रेशमी वेटोळ्यांचा दगड, ज्याच्या माळा विकतात, तो चारोआइट. सैबेरियातल्या मुरुन अल्कली संकुलातला, १९७८ साली खनिज म्हणून जाहीर झालेला. त्याचे तंतू इतके बारीक आणि गुंतलेले की क्ष-किरणांनी रचना सुटेना. अखेर २०१० मध्ये इलेक्ट्रॉन विवर्तनाने सुटली. तीस वर्षं लोकांनी त्याच्या अंगठ्या घातल्या आणि आत अणू कसे बसलेत ते कोणाला ठाऊक नव्हतं.

एवढी यंत्रं असताना अपवर्तनांक, घनता, कठीणपणा कशाला मोजायचा?

पडताळा. रासायनिक घटना आणि घनता यांवरून अपवर्तनांक किती यायला हवा ते ग्लॅडस्टन-डेल या नियमाने काढता येतं. प्रत्यक्ष मोजलेल्या अपवर्तनांकाशी ते जुळलं तर तिन्ही मोजमापं एकमेकांची साक्ष देतात. फरक ०.०२ च्या आत असला की उत्कृष्ट, ०.०८ च्या पुढे गेला की कुठेतरी पाणी मुरतंय.

थोडासा फरक असला तरी नवं खनिज होतं का?

थोड्याशाने नाही. स्फटिकातल्या एखाद्या जागेवर कोणाचं प्राबल्य आहे ते बघतात. आपल्या बेसाल्टमधला ऑलिव्हिन घ्या. मॅग्नेशियम जास्त असलं तर फॉर्स्टेराइट, लोह जास्त असलं तर फायालाइट. मॅग्नेशियम साठ टक्के आणि लोह चाळीस असलं तर ते फॉर्स्टेराइटच, तिसरं काही नाही. यूडियालाइटच्या तीस जणांतले बरेच याच नियमाने जन्मलेले आहेत. एका जागेवर लोहाऐवजी मँगनीज, दुसऱ्या जागेवर सिलिकॉनऐवजी नायोबियम. काही जुन्या जाणत्यांना ही खनिजांची फाटाफूट वाटते. मला वाटत नाही. प्रत्येक जागा शिलारसाच्या त्या क्षणीच्या घटनेची नोंद असते.

मंजुरी कोण देतं?

आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचा एक आयोग. त्याचं मूळ १९५९ पासून, आणि २००६ मध्ये नामकरण व वर्गीकरण या दोन समित्या एकत्र करून आत्ताचा आयोग झाला. देशोदेशीचे प्रतिनिधी त्यात असतात. सगळी मोजमापं, सूत्र, रचना, विवर्तनाची यादी, सर्वांत जवळच्या नातेवाईक खनिजांशी तुलना, मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात ठेवला ते, आणि सुचवलेलं नाव, असा प्रस्ताव पाठवायचा. प्रस्तावाला वर्ष आणि क्रमांक मिळतो, सदस्य शंका विचारतात, मत देतात. मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त बाजूने हवेत. खनिज आणि नाव यांवर वेगळं मतदान होतं, म्हणजे खनिज पास आणि नाव नापास असंही घडतं. मंजुरी मिळाली की दोन वर्षांत सविस्तर वर्णन छापून आणायचं. आजवर मान्य खनिजं सहा हजारांवर गेली आहेत, आणि दर वर्षी शंभराच्या आसपास भर पडते.

मंजुरीआधी नाव कुठेही छापायचं नाही. व्हॉट्सॲपवर, पत्रकारांना, मामेभावाला, कोणालाच नाही.

खनिजाला माझं नाव देता येईल?

वर्णन करणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं. दुसऱ्या कोणाचं देता येतं. ती व्यक्ती हयात असेल तर तिची परवानगी घ्यावी लागते. सर सी. व्ही. रामन यांच्या नावाची रामनाइट ही दोन बोरेट खनिजं आहेत आणि ती रामन वर्णपटानेच ओळखली गेली, हे मला फार आवडतं. मध्य प्रदेशातल्या काजलीडोंगरीचं हॉलंडाइट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस हॉलंड यांच्या नावाचं. घटक जोडून बनवलेली नावंही असतात: कॅव्हनसाइट तसं, आणि सिलिकॉन, टायटॅनियम, नेट्रियम, कॅलियम मिळून सिटिनाकाइटही तसंच.

पैसे मिळतात का?

नाही. पेटंटही नाही. पण उपयोग होतो, आणि कधीकधी अनपेक्षित ठिकाणी. खिबिनीतल्या सिटिनाकाइटच्या रचनेत असे बोगदे आहेत ज्यांत सीझियम अचूक अडकतो. त्याच रचनेचा कृत्रिम पदार्थ किरणोत्सारी सांडपाण्यातला सीझियम गाळायला वापरतात, फुकुशिमातही वापरला.

विकत घेतलेला नमुना चालेल का?

ठिकाण खात्रीशीर असेल तर. विक्रेत्याने चिठ्ठीवर "रशिया" लिहिलं असेल तर तो देश झाला, ठिकाण नव्हे. आणि कोणत्या खडकातून आला हे सांगता न येणारा स्फटिक वर्णनाच्या कामाला येत नाही, शोकेसमध्ये ठेवा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन चिठ्ठ्या कशा लिहिल्या आहेत ते बघून या.

सगळा कण चाचण्यांतच संपला तर?

मग प्रस्तावही संपला. मूळ नमुना सार्वजनिक संग्रहात उरलाच पाहिजे, नाहीतर पुढे कोणाला शंका आली तर बघायचं काय? म्हणून क्रम असा ठेवा की कणाचा नाश करणाऱ्या चाचण्या शेवटी, आणि पहिल्या दिवशीच निम्मा कण वेगळा काढून डबीवर नाव घालून कुलपात. त्या डबीला घाईच्या वेळी हात लावायचा मोह होतो, म्हणून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

तुम्हाला दाखवायला येताना काय आणू?

मातृखडकासकट नमुना, निदान मुठीएवढा. मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश. जागेवरचा फोटो, त्यात मोजपट्टी किंवा पेन. वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळलेले तुकडे, प्रत्येकावर आकडा. पाण्याने धुतलेलं, व्हिनेगर लावलेलं, ॲसिडमध्ये टाकलेलं काही आणू नका. संग्राहक कॅल्साइट काढायला ॲसिड वापरतात, पण स्कोलेसाइटसारखी झिओलाइटं त्यात जेलीसारखी होतात, आणि यूडियालाइटचं ग्रीक नावच "सहज विरघळणारं" या अर्थाचं आहे. दुपारी तीननंतर या, तेव्हा मायक्रोस्कोप मोकळा असतो. दगड मात्र खालीच ठेवा, टेबलाची काच एकदा फुटली आहे.